जाळीवरची चिकटपट्टी

"महापौर चिकटतात का बघू," असं म्हणून रेजिनाबाईंनी नगरपालिकेच्या फुकट पाक्षिकाचं पहिलं पान फाडलं आणि स्टुलावर चढून छताजवळच्या हवेच्या जाळीवर तळहाताने दाबून धरलं. मी खालून स्टूल धरून उभी होते. पानावर हंगामी महापौर क्शेमिन्स्की लाल फीत कापत होते. रेजिनाबाईंनी हात काढला.

महापौर सरळ खाली आले. फितीसकट, माझ्या बुटांवर.

"पडले," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर तोंड दाबून हसल्या. "जाळी जिवंत असती ना, तर हवेनं कागद ओढून धरला असता. माझा काका कोमिन्याश होता. घराघरांची धुराडी साफ करायचा. आम्हा पोरांना हाच खेळ शिकवला होता त्यानं."

"मग ही मेलेली का?"

"वर या. हात लावून बघा."

मी स्टुलावर चढले. जाळीवर पांढरी रुंद चिकटपट्टी लावली होती. इतकी निगुतीने, की खालून रंगच दिलाय असं वाटावं. आणि जाळीपासून हातभर अंतरावर गॅसचा जुना गिझर निळ्या ज्योतीने जळत होता.

तेव्हा रेवती चार वर्षांची होती. तीन आठवडे ती बालवाडीतून घरी आली की म्हणायची, "आई, डोकं." एवढंच. मग बूट न काढताच सोफ्यावर झोपायची. घरात शनिवार-रविवारी डोकं दुखत नसे. मी वहीत तारखा मांडल्या. मला अशी सवय आहे. माझा नवरा श्रीरंग म्हणायचा, तू मूल वाढवत नाहीस, तपास करतेस. पण त्या वहीमुळेच मी त्या दिवशी मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं की मुलांना काय खायला घालता. आईबापांना आत यायला बंदी होती. तिथल्या स्वयंपाकीण रेजिनाबाईंनी इकडेतिकडे बघून मला आत ओढलं.

"खाण्याचं नाही हे, गिझरच्या वायूचं आहे. त्याला वास नसतो," त्या म्हणाल्या. "मुलं पलीकडच्या खोलीत जेवतात. मधलं दार उघडं असतं. मी गिझर लावला की खिडकी किलकिली करते. पण डिरेक्टरबाई ओरडतात, झुळूक येते म्हणून."

झुळूक. आपल्याकडे मुलाला दृष्ट लागेल म्हणून जितकी काळजी घेतात, तितकी पोलंडमध्ये झुळुकेची घेतात. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडल्या की शिकलीसवरलेली माणसंसुद्धा मान धरून उठतात. कान सुजतो, पाठ धरते, मूल आजारी पडतं. पूर्वी बालवाडीच्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून थोडी हवा यायची. जानेवारीत क्शेमिन्स्कींनी नव्या प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या. फटी गेल्या. उरली ती जाळी. तिच्यातून थंड हवा येते म्हणून डिरेक्टरबाईंनी ती बंद करायला लावली.

"कोणी लावली पट्टी?"

रेजिनाबाईंनी ओले हात एप्रनला पुसले. "मीच. सांगितलं म्हणून. मला अजून चौदा महिने काढायचेत पेन्शनला." मग माझ्या कोटाच्या बटणाला हात लावून म्हणाल्या, "कोमिन्याश रस्त्यात दिसला की असं बटण पकडायचं. नशीब उघडतं. माझ्या काकाला बघून सगळं गाव बटणं पकडायचं. त्याची बायको तेवढी पकडत नसे."

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. पोलंडच्या मध्यभागी आहे, नदी आहे, फ्रीजचे कॉम्प्रेसर बनवायचा कारखाना आहे. श्रीरंग त्या कारखान्यात होता. मी कराडला राज्यशास्त्रात एम.ए. केलेलं. तिथे त्याचा उपयोग एवढाच, की निवडणूक आली की मला मजा वाटायची. आधीचे महापौर वारले म्हणून फेब्रुवारीत पोटनिवडणूक लागली होती. कुंपणाकुंपणावर क्शेमिन्स्कींचे कापडी फलक फडफडत होते. आपल्याकडे निदान वाढदिवसाचं निमित्त करतात. शिवाय त्यांचं पाक्षिक. करदात्यांच्या पैशाने, गुळगुळीत कागदावर. एका अंकात मी त्यांचे चौदा फोटो मोजले. एकात ते सशाला लस देत होते.

हे सगळं मला कळायचं ते हालिनाबाईंमुळे. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. वय सदुसष्ट, केस आखूड, बोटं सिगारेटने पिवळी. त्यांचं आठ पानी साप्ताहिक होतं, त्याचं कार्यालय म्हणजे त्यांची बैठकीची खोली. तिथे शेजारी शेजारी दोन टीव्ही. एक सरकारच्या बाजूचा, एक विरोधातला.

"दोन्ही बघता?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"दोन्ही बघते, बेरीज करते, दोनाने भागते."

"मग काय उरतं?"

"हवामान."

त्यांच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक जुना अंक होता. लष्करी राजवट उठल्यानंतरच्या वर्षांतला. मजकुरात मध्येच चौकोनी कंस आणि आत तीन रेघा. त्या म्हणाल्या, सेन्सॉर वाक्य कापायचा. आम्ही हट्टानं कापल्याची खूण छापायचो, तेवढी कायद्यानं मुभा होती. लोक आधी कंस शोधायचे, मग बातमी वाचायचे.

त्याच संध्याकाळी मी हालिनाबाईंना जाळीचं सांगितलं. रविवारी मतदान होतं आणि त्यांचा अंक निघायचा गुरुवारी. त्यांनी सिगारेट विझवली.

"रेजिना बोलणार नाही. चौदा महिने राहिलेत तिचे. पण तुम्ही बघितलंय. तुम्ही नावानिशी सांगाल?"

"पेपरात?"

"नाव नसेल तर मी छापू शकत नाही. निवडणुकीच्या काळात उमेदवार कोर्टात गेला तर चोवीस तासांत निकाल लागतो. मी उभी राहून काय सांगू, कोणीतरी म्हणालं?"

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं, मान हलवून नाही, तोंडाने. त्यांनी रेकॉर्डर लावला. बारा मिनिटं मी माझ्या मोडक्या पोलिशमध्ये बोलले. रेवतीचं डोकं, वहीतल्या तारखा, खिडक्या, जाळी. पट्टी कोणी लावली हे मात्र मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

"उद्या दुपारी बारापर्यंत मजकूर पाठवते," त्या म्हणाल्या. "इथला कायदा आहे. ज्याच्या तोंडचे शब्द छापायचे त्याला आधी दाखवायचे. साप्ताहिकाला चोवीस तास. त्याला बदलायचं असेल तर बदलतो."

"आणि उत्तर दिलं नाही तर?"

"तर संमती. तुम्ही काहीच करू नका, शलाकाबाई. चहा घ्या, झोपा. बुधवारी दुपारी मी छापायला पाठवते."

दुसऱ्या दिवसापासून मी रेवतीला बालवाडीत पाठवलं नाही. सर्दी झालीय असं कळवलं. ती दिवसभर नागडी बाहुली घेऊन घरात नाचत होती. डोकं दुखलं नाही. मी तीही नोंद केली.

मंगळवारी बाराला तीन मिनिटं कमी असताना मजकूर आला. माझं बोलणं छापल्यासारखं दिसत होतं. मध्ये ते वाक्य होतं. "स्वयंपाकघरातली हवेची जाळी पांढऱ्या चिकटपट्टीने बंद केलेली मी स्वतः पाहिली, हात लावून पाहिली." बाकी सगळं त्या वाक्याभोवती टांगलेलं. ते काढलं असतं तर उरली असती एक परदेशी आई आणि तिच्या मुलीची डोकेदुखी.

संध्याकाळी पाचला बेल वाजली. दारात डिरेक्टरबाई. उंच, नेटक्या, हातात पांढऱ्या कागदाचा पुडा. त्या आठवड्यातल्या गुरुवारी तिथे सगळा देश गुलाबाचा मुरंबा भरलेले तळलेले गोळे खातो, उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधी. पोंचकी म्हणतात त्यांना.

"दोन दिवस आधीच आणलेत," त्या म्हणाल्या. "आपली छोटी आजारी आहे ना."

रेवती पळत आली, पुड्यावर झेपावली. डिरेक्टरबाई तिच्याकडे बघून हसल्या. "सर्दी उतरलेली दिसते."

मी चहा केला. श्रीरंग आत्ताच आला होता, शर्टावर कारखान्याचं ओळखपत्र तसंच. तो आमच्या समोर बसला आणि एक पोंचकी हातात धरून राहिला.

"गाव लहान आहे," डिरेक्टरबाई म्हणाल्या. "कोण कोणाशी बोलतं ते कळतं. मी रागावलेली नाही. आई आहात, काळजी करणारच. फक्त एक विचारते. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात कशा?"

मी पोंचकीचा पुडा रेवतीपासून लांब सरकवला.

"आरोग्य खात्याचा नियम आहे, बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नाही. परवा पेपरात आलं की तुम्ही आत जाऊन जाळीला हात लावला, तर पहिला प्रश्न मला नाही विचारणार. विचारतील, दार कोणी उघडलं? पट्टी कोणी लावली? रेजिनाला चौदा महिने राहिलेत." त्यांनी चहाचा घोट घेतला. "चांगली बाई आहे. मला वाईट वाटेल."

"पट्टी काढा ना मग," मी म्हटलं. "आज काढा."

"सोमवारी कोमिन्याश येतोय. मी स्वतः फोन केलाय. सोमवारी सकाळी नऊ वाजता. तो रीतसर तपासेल, कागद देईल, पट्टी काढेल. मी आज काढली तर उद्या लोक म्हणतील लपवलं. मधले तीन दिवस. शनिवार-रविवार तर मुलं नसतातच." त्या उठल्या. कोट घालता घालता श्रीरंगकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या राहण्याच्या कार्डाची फाइल अजून प्रांताच्या व्होयवोदाच्या कचेरीत आहे का? माझी वहिनी तिथे आहे. भली आहे बिचारी. काही लागलं तर सांगा."

दार लागलं. श्रीरंगने पोंचकी परत पुड्यात ठेवली.

"धमकी होती का ही?" त्याने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं मदत करते म्हणाली." तो डोळ्यांवरून हात फिरवत म्हणाला, "शलाका, कार्ड गेलं तर तीस दिवसांत देश सोडायचा. तिघांनी. आणि त्या रेजिनाबाईंची नोकरी तुझ्यामुळे जायची."

"आणि मुलं?"

"सोमवारी माणूस येतोय ना. रेवू घरीच आहे."

रेवू घरीच आहे. हे त्याने म्हटलं खरं, पण त्याच्या आधी मी स्वतःशी तेच म्हणत होते. मी पुन्हा पुन्हा रेजिनाबाईंचं नाव घेतलं. त्यांच्यासाठीच करतेय असं मला वाटायला हवं होतं.

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी हालिनाबाईंना मेल केला. "हे एक वाक्य काढून बाकी मंजूर." अजून पन्नास मिनिटं नुसती बसले असते, काही केलं नसतं, तरी ते वाक्य छापून आलं असतं. मला तेवढं गप्प बसता आलं नाही.

दहा मिनिटांनी हालिनाबाई वर आल्या. आत नाही आल्या, उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"पोंचकीचा वास येतोय जिन्यात." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "बरं. अधिकार तुमचा आहे. त्या अधिकारासाठी आम्ही भांडलोय. कोणाच्याही तोंडात शब्द घालायचे नाहीत." जिना उतरता उतरता म्हणाल्या, "कोमिन्याश सोमवारी येतो म्हणाल्या का?"

मी मान हलवली.

"सगळंच सोमवारी येतं," त्या म्हणाल्या.

गुरुवारी अंक आला. तिसऱ्या पानावर मी होते, रेवतीची डोकेदुखी होती, नव्या खिडक्या होत्या. आणि जिथे ते वाक्य होतं तिथे चौकोनी कंस आणि आत तीन रेघा. [– – –]

मी खाली जाऊन विचारलं, "हे का?"

"तुमचं वाक्य मी छापलं नाही," हालिनाबाई म्हणाल्या. "पण तिथे काहीच नव्हतं असं मी नाही म्हणणार."

शुक्रवारी मी रेवतीच्या घरात घालायच्या सपाता आणायला बालवाडीत गेले. रेजिनाबाई फाटकापाशी बर्फावर बादलीतली राख पसरत होत्या. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्या जवळ आल्या.

"कंस बघितला मी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आमच्या घरी असे पेपर यायचे. बाबा म्हणायचे, कंसात काय आहे ते ओळखेल त्याला एक साखरेचा खडा. मी लगेच ओळखलं." त्या हसल्या. "नोकरी वाचवलीत माझी."

मी विचारलं, "पट्टी अजून आहे?"

"आहे. सोमवारी निघेल. मी खिडकी उघडते हो, घाबरू नका. कोणी नसलं की उघडतेच." मग बादली खाली ठेवून त्यांनी विचारलं, "रेवतीची सर्दी कशी आहे?"

"बरी आहे."

"चांगलं झालं." त्यांनी माझ्या कोटाची कॉलर नीट केली, आईने करावी तशी. "सोमवारनंतरच पाठवा तिला."

माझ्या मुलीला सर्दी झालेलीच नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

शनिवार-रविवार मुलं नसतात हे खरं. पण त्या देशात मतदान केंद्रं शाळा-बालवाड्यांत असतात. जेवणाच्या खोलीत टेबलं हलवून मतपेटी ठेवली होती. मोजणीच्या समितीवर गावातलीच माणसं असतात, थोडा भत्ता मिळतो. रेजिनाबाईही होत्या. रविवारी उणे चौदा तापमान होतं. त्या सहाच्या आधीच पोचल्या, समितीसाठी चहा करायला, पेले धुवायला, खोली उबदार करायला. लोक येणार, थंडी म्हणणार, झुळूक म्हणणार. खिडकी त्यांनी उघडली नाही. का उघडली नाही ते मी खूप वेळा शोधलंय. उघडून मिटली असेल. किंवा आज पाहुणे आहेत म्हणून राहू दे म्हटलं असेल.

साडेसहाला समितीचा अध्यक्ष आला तेव्हा त्या गिझरखाली बसल्यासारख्या होत्या. नळ वाहत होता. हातात बशी पुसायचं फडकं.

मला हे अकराला हालिनाबाईंनी दारात उभं राहून सांगितलं. मी रेवतीला भात भरवत होते. चमचा माझ्या हातातून तिनेच काढून घेतला.

"छापा," मी म्हटलं. "आत्ता. वेबसाइटवर टाका. ते वाक्य, माझं नाव, सगळं."

"आज नाही."

"का?"

"शुक्रवारी मध्यरात्रीपासून निवडणुकीची शांतता सुरू आहे. मतदान संपेपर्यंत उमेदवाराबद्दल अक्षर छापता येत नाही. मृत्यू छापेन. खिडक्या म्हटलं तर प्रचार होतो." त्यांचा आवाज एकदम सपाट होता. "मतदान शाळेत हलवलंय. दोन तास जास्त देणार. लोकांनी रांगा लावल्यात."

त्यांच्या घरातून दोन्ही टीव्हींचा आवाज येत होता. एकावर म्हणत होते मतदारांचा उत्साह वाढला. दुसऱ्यावर म्हणत होते मतदारांचा उत्साह घटला.

क्शेमिन्स्की निवडून आले. त्यांच्या पुढच्या पाक्षिकात ते पुष्पचक्र वाहत होते, एकच फोटो, काळ्या चौकटीत, औचित्य म्हणून. चौकशीत असं निघालं की पट्टी स्वयंपाकिणीनेच लावली होती, आणि ते खरंच होतं. माझं वाक्य पुढच्या गुरुवारी छापून आलं. हालिनाबाईंनी नियमाप्रमाणे ते आधी मला मंजुरीसाठी पाठवलं, एकटं, चोवीस तासांची मुदत घालून. मी पहिल्या मिनिटाला हो लिहिलं. त्याला आता कोणी कोर्टात खेचणार नव्हतं. आमचं कार्डही आलं, वेळेत. आम्ही दुसऱ्या वर्षी पुण्याला परतलो. आज रेवती अकरा वर्षांची आहे. घरातल्या प्रत्येक जाळीवर मी कागद का धरते ते ती विचारत नाही. तिला वाटतं सगळ्या आया धरतात.

पण मला आठवतो तो सोमवार. अग्निशमन दलाने इमारत बंद केली होती. मुलांच्या सपाता, गाद्या, रंगपेट्या परत न्यायला आम्ही आईबाप फाटकाबाहेर रांगेत उभे होतो. फाटकाच्या खांबावर त्या देशात लावतात तसा मृत्यूचा छापील कागद चिकटवला होता, काळी किनार, रेजिनाबाईंचं नाव, वय अठ्ठावन्न. शेजारच्या कुंपणावर क्शेमिन्स्की अजून हसत होते. डिरेक्टरबाई पायरीवर उभ्या होत्या, काळ्या कोटात, रडून डोळे सुजलेले. त्या खरंच रडल्या होत्या.

बरोबर नऊ वाजता कोमिन्याश आला. सायकलवरून. काळा पोशाख, सोनेरी बटणांच्या दोन रांगा, खांद्यावर तारेचं वेटोळं आणि ब्रश. दिलेल्या शब्दाप्रमाणे. तो रांगेजवळून सायकल हातात धरून चालत गेला, टोपी काढून.

आणि रांगेतल्या सगळ्यांचे हात वर गेले. कोणी ठरवून नाही. हातमोज्यातली बोटं आपापल्या कोटाकडे गेली आणि प्रत्येकाने एकेक बटण घट्ट धरलं. माझ्या पुढची बाई हुंदके देत होती, तिनेसुद्धा धरलं. डिरेक्टरबाईंनीही.

मी खाली बघितलं तर माझा हात माझ्या कॉलरखालच्या बटणावर होता.

तो आत जाईपर्यंत मी ते सोडलं नाही.